प्रेग्नन्सीतला व्यायाम आणि डिलिव्हरी: कुठून सुरू करायचं, काय करायचं, काय सोडून द्यायचं

प्रेग्नंट आहे कळलं की दोन सल्ले हमखास मिळतात, एक म्हणजे भरपूर चाल म्हणजे नॉर्मल होईल, आणि दुसरा म्हणजे वाकू नकोस, जिने चढू नकोस, आराम कर. गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही सल्ले देणारं माणूस एकच असतं. त्यामुळे पहिल्यांदा आई होणारी मुलगी पार गोंधळून जाते आणि शेवटी काहीच करत नाही, किंवा मग नववा महिना लागल्यावर घाबरून एकदम तासतासभर चालायला लागते.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. व्यायाम म्हणजे नॉर्मल डिलिव्हरीची गॅरंटी नाही, कोणी तशी देत असेल तर त्या क्लासला जाऊच नका. २०१६ मध्ये ९ ट्रायल्सचे (काही बायकांना व्यायाम द्यायचा, काहींना नाही आणि मग तुलना करायची, असे अभ्यास) आकडे एकत्र करून बघितले होते, नॉर्मल वजनाच्या, एकच बाळ असलेल्या, कॉम्प्लिकेशन नसलेल्या दोन हजारांवर बायका, त्यातल्या साधारण निम्म्या जणी आठवड्यातून ३-४ वेळा व्यायाम करणाऱ्या. व्यायाम करणाऱ्यांमध्ये नॉर्मल डिलिव्हरी साधारण ७४ टक्के आणि न करणाऱ्यांमध्ये ६७-६८ टक्के, सिझर १८ विरुद्ध २२ टक्के. म्हणजे फरक आहे, पण शंभरातल्या चार जणींचं सिझर टळलं एवढा आहे, आणि व्यायाम करूनही अठरा जणींचं सिझर झालंच. बाळ आडवं असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, बाळाचे ठोके कमी होत असतील तर तुमच्या मांड्या कितीही मजबूत असल्या तरी काय उपयोग. याच आकड्यांमधली मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे व्यायामामुळे वेळेआधी डिलिव्हरी होण्याचं प्रमाण वाढलं नाही, दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. ज्या भीतीने बायकांना बसवून ठेवतात ती भीती, सगळं नॉर्मल असेल तर, खरी नाही.

मग फायदा नेमका कुठून येतो? एक तर आडवाटेने येतो. व्यायामाने प्रेग्नन्सीतली शुगर आणि बीपी वाढायची शक्यता कमी होते, वजन फार वाढत नाही, आणि हेच प्रॉब्लेम पुढे जाऊन कळा आणायला लावतात, बाळ खूप मोठं करतात, सिझरपर्यंत नेतात. दुसरा फायदा दमाचा, कारण पहिलटकरणीच्या कळा तासन् तास चालतात. आणि तिसरा, ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, तो म्हणजे शरीर हवं तेव्हा सैल सोडता येणं. कळांचा एकूण वेळ कमी होतो का, यावर रिझल्ट एकसारखे नाहीत, काही ट्रायल्समध्ये पहिली स्टेज (पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतची) थोडी लवकर आटपली आणि काहींमध्ये काहीच फरक नाही. तेव्हा "दोन तासात मोकळी झाली" या गोष्टी ऐकून तुमचा प्लॅन ठरवू नका.

पायरी १: डॉक्टरांना विचारा, पण नीट विचारा

"व्यायाम केला तर चालेल का" एवढंच विचारलं की "हो चाला थोडं" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा असं विचारा की माझी वार कुठे आहे, गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी ठीक आहे का, हिमोग्लोबिन किती आहे, बीपी कसं आहे, आणि मी अमुक अमुक करते किंवा करणार आहे, त्यातलं काही बंद करू का.

काही केसेसमध्ये व्यायाम नकोच: हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार, पिशवीचं तोंड सैल असणं किंवा त्याला टाका घातलेला असणं, २६ आठवड्यांनंतरही वार तोंडावर असणं, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत रक्त जात राहणं, वेळेआधी कळा, पाणी गेलेलं असणं, प्रीएक्लॅम्पसिया (प्रेग्नन्सीत बीपी वाढून होणारा गंभीर त्रास), खूप कमी हिमोग्लोबिन, आणि जुळी-तिळी असून लवकर डिलिव्हरीचा धोका असणं. यातलं काहीही असेल तर बाकीचा लेख आत्ता तुमच्यासाठी नाही, डॉक्टर जेवढं सांगतील तेवढंच. पण यातलं काहीही नसताना कोणी नुसतं "बेडरेस्ट" म्हणालं तर कारण विचारा, कारण नुसतं पडून राहिल्याने वेळेआधीची डिलिव्हरी टळते असं दिसलेलं नाही, उलट रक्ताच्या गाठी होण्याचा धोका आणि स्नायूंची ताकद जाणं हे मात्र होतं.

पायरी २: किती करायचं ते ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम असं आहे. ऐकायला खूप वाटतं पण आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास झाला, आणि तो अर्धा तासही सकाळी १५ आणि संध्याकाळी १५ असा तोडला तरी चालतो.

आधी कधीच काही केलं नसेल तर १० मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या आणि थकवा यात काहीच जमलं नाही तरी टेन्शन घेऊ नका, चौथ्या महिन्यापासून बहुतेकींना बरं वाटायला लागतं, तिथून सुरू केलं तरी पुरेसा वेळ हातात असतो.

मध्यम म्हणजे किती, हे कळायला घड्याळ नको. चालता चालता बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, बस. हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत हे अजूनही काही जण सांगतात, तो नियम अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये दिला होता आणि १९९४ मध्ये त्यांनीच काढून टाकला. प्रेग्नन्सीत बसल्या जागीच ठोके मिनिटाला १०-२० ने वाढलेले असतात, शरीरात रक्तच ४०-५० टक्के जास्त खेळत असतं, त्यामुळे मनगटावरच्या बँडचा आकडा बघून घाबरण्यापेक्षा आपला श्वास बघा.

पायरी ३: आठवडा कसा भरायचा

चालणं सगळ्यात सोपं, त्याला काही लागत नाही. पोहणं जमत असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत त्याच्यासारखं सुख नाही असं माझं मत, पोटाचं ओझं पाणी घेतं आणि पाठ मोकळी होते. जागेवरची सायकलही चांगली, पडायची भीती नाही. आधीपासून धावत असाल आणि त्रास नसेल तर धावणं चालू ठेवता येतं, फक्त नवीन रेकॉर्ड करायची ही वेळ नाही. आणि आठवड्यातून दोनदा हलकी ताकदीची एक्सरसाइज कराच: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीवर हात ठेवून पुशअप, हलकी वजनं. घरकामात हालचाल होते ते खरं, पण त्यात श्वास वाढेल इतका वेग सलग राहत नाही, म्हणून ते १५० मिनिटांत सहसा पकडू नका.

सोडायचं काय तर पोटावर मार बसेल किंवा पडायला होईल असं सगळं, स्कूबा डायव्हिंग, आणि तापवलेल्या खोलीतला योगा. २० आठवड्यांनंतर उताणं झोपून जास्त वेळ करायचे व्यायाम पण सोडा, वाढलेल्या पिशवीचं वजन पाठीतल्या मोठ्या शिरेवर येतं, रक्त परत वर येत नाही, गरगरतं. योगात बऱ्याच गोष्टी उताण्या असतात तिथे पाठीखाली उशा लावून अर्धवट बसल्यासारखं करा किंवा कुशीवर करा. पोटाचे क्रंचेस तर नकोतच, उठताना पोटाच्या मधोमध उंचवट्यासारखा फुगवटा आला तर समजा की तिथल्या स्नायूंवर नको तेवढा ताण येतोय.

वजन उचलताना श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. ही सवय आत्ता लागली की पुढे लेबर रूममध्ये कामाला येते.

पायरी ४: कधी थांबायचं

हे पाठच करून ठेवा. रक्त जाणं, पाणी गळणं, थांबूनही पोट ठराविक वेळाने कडक होत दुखत राहणं, छातीत दुखणं, व्यायाम सुरू करायच्या आधीच धाप, चक्कर, जोरात डोकेदुखी, एका पोटरीत दुखून सूज, तोल जाईल इतका अशक्तपणा. यातलं काहीही झालं तर थांबा आणि फोन करा, "उद्या बघू" नको. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर तेव्हाही, व्यायाम केला असो की नसो.

पायरी ५: खालचे स्नायू, आवळणं आणि सोडणं

इथे थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

लघवीची जागा, योनी आणि गुदद्वार यांच्याभोवती जी स्नायूंची झोळी असते तो पेल्विक फ्लोअर. अमेरिकेतले डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये याच्या व्यायामावर लिहिलं म्हणून त्याला केगेल म्हणतात. करायचं असं: आरामात बसा किंवा कुशीवर झोपा, गॅस अडवताना आणि लघवी थांबवताना जे आत ओढलं जातं ते एकत्र ओढा, लिफ्ट वर जावी तसं हळूहळू वर, ५-६ सेकंद धरा, आणि मग हळूहळू खाली सोडा. पोट, मांड्या, ढुंगण यातलं काहीही आवळलं जात नाहीये ना बघा, हात ढुंगणावर ठेवला तर लगेच कळतं. श्वास चालू पाहिजे. असं ८-१० वेळा, दिवसातून तीनदा. खरोखर लघवी करताना मध्येच थांबवून प्रॅक्टिस मात्र करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

खालचे स्नायू मजबूत केले तर बाळ अडकेल असं बऱ्याच जणींना वाटतं. नॉर्वेत ३०१ पहिलटकरणींवर ट्रायल झाली, २००४ मध्ये छापून आली, त्यात २० व्या ते ३६ व्या आठवड्यादरम्यान फिजिओच्या (फिजिओथेरपिस्टच्या) देखरेखीखाली हे व्यायाम करणाऱ्यांमध्ये जोर लावायची स्टेज तासाच्या पुढे लांबलेल्या बायका उलट कमी होत्या. का, याचं माझ्या मते सरळ उत्तर असं की जो स्नायू तुम्हाला ओळखीचा झालाय तोच तुम्ही मुद्दाम सैल सोडू शकता. ज्याची जाणीवच नाही तो दुखायला लागल्यावर आपोआप घट्ट होतो, आणि बाळाचं डोकं त्याच्यावर येऊन थांबतं.

म्हणून प्रत्येक आवळण्याइतकाच वेळ सोडण्याला द्या, किंबहुना दुप्पट. ५ सेकंद धरलं तर १० सेकंद सोडा आणि त्या दहा सेकंदांत नुसतं "सोडलं" असं म्हणू नका, श्वास बाहेर जाताना तो भाग खरंच खाली उतरतोय का ते अनुभवा. जबडा घट्ट असेल तर खालीही सहसा घट्टच असतं, दात सुटे ठेवून, ओठ ढिले ठेवून करून बघा, फरक जाणवतो. ज्यांना आधीपासूनच संबंधाच्या वेळी किंवा आतून तपासताना खूप दुखतं त्यांनी केगेल स्वतःहून सुरू करू नये, अशा वेळी स्नायू आधीच आखडलेले असू शकतात, पेल्विक फ्लोअर बघणाऱ्या फिजिओला दाखवावं.

३५-३६ आठवड्यांनंतर आवळायचे राउंड थोडे कमी केले तरी चालतील, सोडायचे मात्र रोज.

पायरी ६: कंबर, मांड्या आणि बॉल

खुर्चीच्या किंवा भक्कम टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरा, पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त अंतरावर, बोटं जरा बाहेर, आणि श्वास सोडत जमेल तेवढंच खाली बसा. टाचा उचलल्या जात असतील तर टाचांखाली घडी घातलेला टॉवेल सरकवा. खाली गेल्यावर दोन श्वास थांबा, खालचा भाग सैल, आणि मग टाचांवर जोर देऊन वर. ८-१० वेळा पुरे. उकिडवं बसल्यावर ओटीपोटाच्या हाडांचा खालचा भाग जरा उघडतो, बाळ बाहेर यायचा रस्ता तोच.

मांड्यांच्या मध्ये समोरच्या हाडात दुखत असेल, कुशीवर वळताना किंवा एका पायावर पँट घालताना कळ येत असेल तर मात्र पाय फाकवून करायचे व्यायाम बंद. अशा वेळी पाय जवळ ठेवून, छोटी पावलं टाकत चाला, आणि फिजिओ गाठा.

बॉल घेताना त्यावर बसल्यावर गुडघे कमरेच्या किंचित खाली राहतील असा साइज बघा, न फुटता हळूहळू हवा जाणारा असेल तोच घ्या आणि पहिल्यांदा बसताना भिंतीजवळ बसा. कंबर गोल फिरवा, पुढे मागे करा, गुडघे टेकून बॉलवर छाती टाकून झुला. कळांच्या वेळीही बॉलने दुखणं जरा कमी जाणवतं, पण ते तेव्हाच जमतं जेव्हा आधीपासून त्यावर बसायची सवय असते, ऐन वेळी पहिल्यांदा बसलेली बाई तोल सांभाळण्यातच गुंतते.

हात-गुडघ्यांवर ओणवं राहिलं की बाळ फिरून नीट पोझिशनला येतं असं खूप ठिकाणी सांगतात. पाठीला त्याने आराम नक्की पडतो, म्हणून करा, पण शेवटच्या आठवड्यांत रोज केल्याने जन्माच्या वेळी बाळाची दिशा बदललेली असते असं ट्रायल्समध्ये दिसलेलं नाही, त्यामुळे ते केलं नाही म्हणून बाळ उलटं राहिलं असं स्वतःला बोल लावायची गरज नाही.

पायरी ७: एक मिनिटाची कळ, आत्ताच

सातव्या महिन्यापासून, आठवड्यातून तीन-चार वेळा. भिंतीला पाठ टेकून, पाय थोडे पुढे घेऊन, गुडघे वाकवून अर्धं खाली या आणि एक मिनिट टायमर लावा. मांड्या पेटतील. जोरात सुरू झालेली एक कळ साधारण एवढीच चालते. या मिनिटात तुमचं काम एकच, मांड्या सोडून बाकी सगळं सैल ठेवायचं, कपाळ, जबडा, खांदे, मुठी, आणि नाकाने श्वास आत, तोंडाने लांब, आवाज करत बाहेर. मिनिट संपलं की उभ्या राहा, दोन-तीन मिनिटं चाला, परत. चार-पाच राउंड. घरात जो कोणी तुमच्यासोबत लेबरला येणार आहे त्याला समोर बसवा आणि तुमचे खांदे वर गेले की हात ठेवून "खांदे" एवढंच म्हणायला सांगा. "घाबरू नकोस, होईल सगळं नीट" पेक्षा हे जास्त कामाला येतं. कळेसारखं दुखत नाही हे उघड आहे, पण त्रास होत असताना श्वास न रोखण्याची सवय लागते.

पायरी ८: शेवटचे आठवडे

व्यायाम बंद करायचा नाही, वेग कमी करायचा. ३४-३५ आठवड्यांपासून खालच्या भागाचा मसाज सुरू करता येतो, स्वच्छ हात, साधं तेल, अंगठा योनीत ३-४ सेंटिमीटर आत ठेवून खाली आणि बाजूंना हळू दाब, पाच मिनिटं, आठवड्यातून एक-दोनदा. पहिलटकरणींमध्ये याने टाके लागण्याचं प्रमाण कमी होतं. इन्फेक्शन असेल, वार खाली असेल किंवा पाणी गेलं असेल तर करायचा नाही.

तारीख उलटली म्हणून दोन दोन तास चालू नका, चालून चालून कळा काढता येतात याची काही खात्री नाही, आणि त्याच रात्री खरंच कळा सुरू झाल्या तर तुम्ही दमून तिथे पोचलेल्या असाल.

पायरी ९: त्या दिवशी

सुरुवातीच्या कळा अनियमित असतात आणि हा भाग खूप लांबू शकतो. रात्र असेल तर झोपायचा प्रयत्न करा, दिवस असेल तर नेहमीसारखं फिरत राहा, हलकं खा, पाणी प्या. इथेच सगळी ताकद घालवणाऱ्या बायका जास्त असतात, पहिली कळ आली की लगेच बॉल आणि उकिडवं बसणं सुरू. कळांना खरा जोर पिशवीचं तोंड साधारण ५ सेंटिमीटर उघडल्यावर येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने तिथून पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात, त्यानंतर जोर लावायच्या स्टेजला ३ तासांपर्यंत. पाणी गेलं, रक्त गेलं, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने कळा यायला लागल्या की मात्र घरी थांबू नका.

हॉस्पिटलमध्ये गेल्यावर शक्य तितका वेळ उभ्या, बसलेल्या, चालत राहा. पहिल्या स्टेजमध्ये पडून न राहणाऱ्या बायकांची ती स्टेज सरासरी तासाभराहून जास्त लवकर आटपते असं बऱ्याच ट्रायल्स एकत्र करून दिसलंय, म्हणजे नऊ महिन्यांच्या व्यायामाएवढंच त्या दिवशी कॉटवर आडवं न होणंही महत्त्वाचं. आधीच विचारून ठेवा की तिथे फिरू देतात का, बाळाच्या ठोक्यांचा मॉनिटर लावूनही उभं राहता येतं का, जोर लावताना कुशीवर किंवा गुडघ्यांवर चालेल का. एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ते औषध) घेतलं तर चालता येईलच असं नाही, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाने कूस बदलायला आणि पायांमध्ये उशी घालायला सांगा. एक पोझिशन दुखत असेल तर दुसरी, पुस्तकातली "बरोबर" पोझिशन शोधत बसू नका.

आणि नंतर

नॉर्मल असो की सिझर, खालच्या स्नायूंचं हलकं आवळणं-सोडणं बरं वाटायला लागलं की लगेच सुरू करता येतं, लघवीची नळी असेल तर ती काढल्यावर. चालणं पाच-दहा मिनिटांनी सुरू. उड्या, धावणं, जड वजनं यासाठी निदान १२ आठवडे थांबा. शिंकताना, खोकताना लघवीचे थेंब जात असतील तर "बाळंतपणानंतर होतंच" म्हणून सोडून देऊ नका, तीन महिन्यांनंतरही चालू असेल तर फिजिओकडे जा, बऱ्याच जणींना नुसत्या व्यायामानेच खूप फरक पडतो.